लॉगिनच्या आधीचा कारभार

संगणक सुरू केला की नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येते. आत शिरलं की आपलं चित्र, आपली अक्षरं, आपला कीबोर्ड, सगळं हजर होतं. पण आत शिरण्यापूर्वी त्या यंत्रावर कोणाची मर्जी चालते? इतिहास शिकवण्यात हयात गेल्यामुळे असा प्रश्न पडला की मूळ शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हा प्रश्न खरा टोकदार झाला तो लांबून दुसऱ्याचा संगणक चालवण्याची सोय आली तेव्हा. इंग्लंडमध्ये केंब्रिजला ऑलिवेट्टी कंपनीची एक प्रयोगशाळा होती. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे 'व्हीएनसी' तयार झालं. एका यंत्राचा पडदा दुसऱ्या यंत्रावर दाखवायचा, आणि इकडची बटणं तिकडे पोचवायची!

विंडोजवर मात्र एक अडचण होती. माणसाने लॉगिन केल्यावर सुरू होणारा प्रोग्राम तो माणूस गेला की बंद. वीज जाऊन आली, यंत्र पुन्हा सुरू होऊन त्या चौकटीशी अडलं, तर लांबच्याने काय करावं? भारनियमन भोगलेल्यांना ही अडचण समजावून सांगायला नको.

म्हणून प्रोग्रामला माणसाऐवजी यंत्राचाच चाकर करण्याची सोय केली. विंडोजच्या भाषेत 'सर्व्हिस'. यंत्र उठलं की हा उठणार. पण मग नियम कोणाचे पाळायचे? माणसाच्या आवडीनिवडी त्याच्या स्वतःच्या कप्प्यात असतात आणि तो कप्पा लॉगिननंतरच उघडतो. यावर व्हीएनसीने दोन वह्या ठेवल्या. एक यंत्राची सामाईक, एक ज्याची त्याची. कोणी नसेल तेव्हा सामाईक वही. कोणी आत आलं की त्याची वही. सेटिंग कोणी बदलू नयेत, असंही यंत्र सांभाळणाऱ्याला सामाईक वहीत लिहून ठेवता येई.

गंमत म्हणजे या नोंदी 'ओआरएल' या नावाखाली असत. ती त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं. पुढे प्रयोगशाळा एटी अँड टी कंपनीकडे गेली आणि २००२ साली बंदही पडली. राजवट संपली तरी नाणी सापडत राहतात, तसंच हे.

मायक्रोसॉफ्टची वाट निराळी. १९९८ साली विंडोज एनटीची 'टर्मिनल सर्व्हर' आवृत्ती आली आणि २००१ साली एक्सपीमधून 'रिमोट डेस्कटॉप' घराघरांत पोचलं. तिथे लांबून कोणीही आलं की त्याच्यासाठी आधी पडदा उभा राहायचा, आणि मग त्या पडद्यावर नाव-पासवर्ड विचारला जायचा. जुन्या वाड्यात अनोळखी माणसाला देवडीवरच थांबवत. इथे त्याला थेट ओसरीवर घेऊन, पाणी देऊन, मग विचारायचं, आपण कोण?

२००७ साली सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टामध्ये हा क्रम उलटा करण्याची सोय झाली. ओळख आधी, पडदा नंतर. पण जुनी यंत्रं जुन्याच रीतीने चालत राहिली. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाचं भोक उघड झालं. ते नेमकं पासवर्ड विचारण्याआधीच्या कारभारात होतं! पासवर्ड माहीत नसलेल्या परक्यालाही त्यातून यंत्राचा ताबा घेता आला असता. एक्सपीची देखभाल २०१४ सालीच थांबली होती, तरी मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी पुन्हा ठिगळ काढावं लागलं. जिथे ओळख आधी विचारली जात होती, तिथे निदान परका दाराबाहेर अडत होता.

मला यात एक गोष्ट जाणवते. लॉगिनच्या आधीचे नियम मालकाच्या गैरहजेरीत चालतात. ते कोणीतरी कधीतरी, काहीतरी गृहीत धरून लिहिलेले असतात. लिहिणारा निघून जातो, गृहीत धरलेलं मागे उरतं. आणि यंत्र लांबून हाती येईल इतपत दार उघडं ठेवावं, तर परक्यालाही तेच दार दिसतं. ही ओढाताण काही संपलेली नाही.

माझ्या वयाच्या कितीतरी जणांच्या संगणकावर मुला-नातवंडांनी लांबून मदत करता यावी म्हणून असा प्रोग्राम बसवून दिलेला असतो. त्यांचा प्रेमभाव खराच. तरी मंडळी, पुढच्या वेळी त्यांचा फोन आला की एवढं विचारा: "मी लॉगिन केलेलं नसताना हे दार कोणाच्या नियमाने उघडतं रे?" पोरं जरा चपापतील. चपापू देत.