आर्टरी फोर्सेप्सची कुळकथा

शस्त्रक्रियागृहातील ट्रेमध्ये संख्येने पुष्कळ आणि कौतुकाच्या वाट्याला क्वचितच येणारे उपकरण म्हणजे आर्टरी फोर्सेप्स. बोटे घालावयाच्या दोन कड्या, मधला सांधा, आडव्या खाचांचे जबडे आणि कड्यांपाशी दात्यांची अडकण, एवढाच त्याचा सरंजाम. परंतु कापलेल्या धमनीने शस्त्रवैद्याला घातलेल्या कोड्यांची उत्तरे या सरंजामातच साठविलेली आहेत.

सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे सांगितली असून, मसुराच्या आकाराच्या खिळ्याने जोडलेली आणि सिंहव्याघ्रादिकांच्या मुखासारख्या तोंडांची २४ स्वस्तिकयंत्रे त्यांत आहेत. मात्र त्यांचे काम हाडात रुतलेले शल्य उपटण्याचे, आणि रक्तस्राव थांबविण्यासाठी त्याच ग्रंथाने संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार निराळे उपाय नेमून दिले आहेत. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने वाहिनी दोऱ्याने बांधण्याची रीत लिहून ठेवली होती. तरीही पुढे युरोपात कापलेल्या अवयवावर दीर्घकाळ तापलेल्या लोखंडाचाच अंमल चालला.

तो अंमल झुगारला फ्रेंच फौजेबरोबर हिंडणाऱ्या आंब्रोआझ पारे याने. १५५२ साली एका वेढ्यात पाय कापल्यावर त्याने डागणी न देता रक्तवाहिन्या बांधून टाकल्या, आणि पुढे या कामासाठी त्याने वर्णिलेला चिमटा कावळ्याच्या चोचीच्या नावाने प्रसिद्ध झाला. चोच हवी होती ती अशासाठी की, तुटलेली धमनी आखडते आणि मांसात मागे सरते; तिला पकडून ओढल्यावाचून दोरा बसतच नाही. १६२८ साली हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले, आणि १८०५ साली इंग्लंडात जोन्सने प्राण्यांवरील प्रयोगांतून धमनीचे हे आखडणे, मागे सरणे व तोंडाशी रक्ताची गुठळी बसणे या निसर्गाच्याच बंदोबस्ताचा तपशील मांडला.

इतके कळूनही चिमटा अपुराच होता, कारण गाठ बसेपर्यंत कोणा साहाय्यकाने तो दाबून धरावयाचा असे. १८४६ नंतर ईथरच्या भुलीमुळे शस्त्रवैद्य घाई न करता उदर उघडू लागले, तेव्हा रक्त वाहणाऱ्या जागा अनेक आणि हात मोजकेच अशी अडचण उभी राहिली. पॅरिसच्या पेआनने, स्ट्रासबुर्गच्या केबर्ले याने आणि लंडनच्या स्पेन्सर वेल्सने, जबडे आपल्याआप मिटून राहतील असे चिमटे प्रचारात आणले. पहिले कोण, यावर पेआन आणि केबर्ले यांच्यात वादही रंगला. अडकणीच्या त्या दोन-तीन दात्यांनी साहाय्यकाचा हात मोकळा केला.

पुढे या कुळाच्या शाखा फुटल्या. बर्नच्या कोखरने जबड्यांच्या टोकाला दात बसविले. ते चिवट ऊती घट्ट धरतात, पण नाजूक आतड्यावर पडले तर भोक पाडतात. अमेरिकेत हॉल्स्टेडने बारीक टोकाचा मॉस्किटो चिमटा रूढ केला, कारण वाहिनीबरोबर शेजारची ऊती जितकी थोडी चिरडेल तितकी जखम लवकर भरते, असा त्याचा आग्रह होता.

साहाय्यकाचा हात मोकळा झाला, जबाबदारी मात्र वाढली. लाल रक्ताची चिळकांडी ठोक्याठोक्याने उडते ती धमनी आणि काळसर रक्त संथ वाहते ती शीर, हे ज्याला दिसते तो मागण्याआधीच योग्य आर्टरी फोर्सेप्स शस्त्रवैद्याच्या तळहातावर ठेवतो. आणि पहिली गाठ आवळली जात असता अडकण हळूहळू सोडावयाची, घाई केल्यास तुटके टोक निसटून मांसात दडते, हे ज्याला उमगले त्याला त्याचे कारण निराळे पढवावे लागत नाही. म्हणून साहाय्यकांना शिकविणाऱ्यांनी उपकरणांच्या नावांची यादी पाठ करून घेण्यापूर्वी धमनीची भित्ती आणि रक्ताचे गोठणे शिकवावे. ज्या ज्ञानातून हे हत्यार घडले, ते नसलेल्या हातात ते केवळ लोखंडच राहते.