दोन महिने बर्फाचा रस्ता, दहा महिने फक्त विमान : उत्तर कॅनडातली हिऱ्यांची खाण कशी चालते?

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रदेशात येलोनाइफ हे राजधानीचं शहर आहे. तिथून ईशान्येला सुमारे ३०० किलोमीटरवर लाक द ग्रा नावाचं मोठं तळं आहे. इतक्या उत्तरेला झाडंही उगवत नाहीत. थंडीत पारा उणे ४० अंशांखाली जातो आणि डिसेंबरात जेमतेम चार तास उजेड असतो. या तळ्यातल्या एका बेटावर डायाविक ही हिऱ्यांची खाण आहे.

चार्ल्स फिप्के आणि स्ट्यूअर्ट ब्लुसन या भूवैज्ञानिकांना याच भागात १९९१ मध्ये हिऱ्यांचा पत्ता लागला. १९९८ मध्ये शेजारची एकाटी ही कॅनडाची पहिली हिऱ्यांची खाण सुरू झाली, तर २००३ मध्ये डायाविकचं उत्पादन सुरू झालं.

हिरे ज्या किंबरलाइट खडकात सापडतात, तो इथे नेमका तळ्याच्या पाण्याखाली होता. मग तळ्यातच बांध घातला. पहिला बांध जवळपास चार किलोमीटर लांबीचा. आतले मासे पकडून बाहेर हलवले, पाणी उपसलं आणि उघड्या पडलेल्या तळाशी खोदकाम सुरू केलं.

पण खरी कसरत आहे ती सामान पोहोचवण्याची. इथे बारमाही रस्ता नाही. दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता नव्याने तयार करतात. त्यातला ८५ टक्क्यांहून जास्त भाग निव्वळ बर्फ. साधारण फेब्रुवारी आणि मार्च एवढाच तो चालतो. वर्षभराचं डिझेल, सिमेंट, स्फोटकं आणि यंत्रांचे सुटे भाग तेवढ्यात नेऊन साठवायचे. बर्फ सुमारे ७० सेंटिमीटर जाड झाला की हलके ट्रक सोडतात. पूर्ण भरलेल्या मोठ्या टँकरना मीटरभराहून अधिक जाडी लागते.

या रस्त्यावर भरलेल्या ट्रकला तळ्यावर साधारण ताशी २५ किलोमीटरचीच मुभा आहे. वजनाने बर्फ किंचित वाकतो आणि ट्रकबरोबर खालच्या पाण्यात लाट सरकत जाते. वेग वाढला तर हीच लाट किनाऱ्याजवळ बर्फ फोडू शकते. म्हणून ट्रकांमध्ये अंतरही ठेवावं लागतं. २००६ मध्ये हिवाळा उबदार निघाला, रस्ता लवकर बंद झाला आणि उरलेलं सामान महागड्या हवाई वाहतुकीने न्यावं लागलं. डिझेलची गरज थोडी कमी व्हावी म्हणून २०१२ मध्ये इथे चार पवनचक्क्या बसवल्या. पात्यांवर बर्फ साचू नये म्हणून ती तापवण्याची सोयही केली.

माणसं मात्र बारा महिने विमानानेच ये-जा करतात. साधारण दोन आठवडे काम, दोन आठवडे घरी. त्या प्रवासाची जोखीम जानेवारी २०२४ मध्ये दिसली. फोर्ट स्मिथहून डायाविककडे निघालेलं छोटं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि सहा जणांचा जीव गेला. त्यात चार खाण कर्मचारी होते.

इथल्या तिलिचो आणि येलोनाइव्ह्ज डेने या आदिवासी समाजांशी कंपनीने करार केले आहेत. नोकऱ्या आणि कंत्राटं मिळाली. पण त्यांच्या जगण्याचा आधार असलेल्या कॅरिबूंचा बॅथर्स्ट कळप १९८० च्या दशकात साडेचार लाखांहून मोठा होता, तो २०१८ मध्ये दहा हजारांच्याही खाली आला. याला एकटी खाण जबाबदार म्हणता येत नाही. तरी कळपाच्या वाटेवर खाणी आणि रस्ते आले, ही तिथल्या लोकांची तक्रार रास्त आहे.

जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतमध्ये, आणि मोठा व्यापार मुंबईच्या बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समधून चालतो. त्याच सुरतेत आता प्रयोगशाळेतले हिरेही तयार होतात. खूप स्वस्त पडणाऱ्या या हिऱ्यांनी खाणीतल्या हिऱ्यांचा भाव खाली ओढला आहे.

डायाविकमधला खडक तर संपतच आला. मालक कंपनी रिओ टिंटोने उत्पादन थांबवण्यासाठी २०२६ हे वर्ष ठरवलं. पुढच्या आराखड्यानुसार बांध फोडून खड्ड्यांमध्ये पुन्हा तळ्याचं पाणी सोडायचं आहे.