गादी कडक हवी की मऊ? पाठ दुखत असेल तर नेमकं काय बघायचं

दिवाळीच्या आसपास परभणी जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात असते. सकाळी शेतात गेलेल्या बायका दिवसभर ओणव्या राहून वेचतात आणि संध्याकाळी घरी आल्यावर एकच तक्रार असते, 'कंबर धरली'. रात्री पाठ टेकायला असते दहा-बारा वर्षांपूर्वी भरलेली कापसाची गादी. ती इतकी बसलेली असते की मधोमध हात फिरवला तर खालची फळी लागते.

मग घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर 'ऑर्थोपेडिक' गादीची जाहिरात येते. फोटोत पाठीचा कणा सरळ रेषेत दाखवलेला असतो आणि खाली हप्त्याची सोय असते. दुसऱ्या बाजूला घरातले मोठे सांगतात, 'गादी-बिदी काही नको, जमिनीवर सतरंजी टाकून झोप, आठ दिवसांत पाठ मोकळी होईल.' दोघांपैकी खरं कोण?

पूर्णपणे कुणीच नाही.

'कडक म्हणजे चांगलं' हे कुठून आलं?

पूर्वी पाठदुखीच्या रुग्णाला डॉक्टरच सांगायचे की फळीवर झोपा. तो सल्ला घराघरांत रुजला आणि अजून टिकून आहे. पण त्याची नीट तपासणी झाली ती २००३ मध्ये. स्पेनमधल्या संशोधकांनी जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. कुणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितलं नव्हतं. ९० दिवसांनी पाहिलं तर दोन्ही गटांना थोडाफार आराम पडला होता, पण मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त. अंथरुणात असताना, सकाळी उठताना आणि दिवसभराच्या कामातही. हा अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे २००८ मध्ये डेन्मार्कमधल्या १६० रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात पाण्याची गादी आणि अंगाचा आकार घेणारी फोमची गादी या दोन्ही कडक फ्युटॉनपेक्षा थोड्या सरस ठरल्या. 'थोड्या' हा शब्द महत्त्वाचा. फरक फार मोठा नव्हता. गादी बदलली की पाठदुखी गायब, असं कोणताही अभ्यास सांगत नाही.

कारण समजायला सोपं आहे. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कमरेचं हाड खाली टेकतात, मधला भाग अधांतरी राहतो. गादी दगडासारखी असेल तर सगळा भार त्या दोन ठिकाणी येतो आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. फार मऊ असेल तर उलटं होतं. धडाचा सगळ्यात जड भाग म्हणजे कंबर, तीच आत रुतते आणि कणा झोळीसारखा वाकतो. चांगली गादी खांद्याला आणि कमरेला थोडं आत जाऊ देते, पण मधल्या भागाला खालून आधार देते.

त्यामुळे एकच गादी सगळ्यांना योग्य असं होत नाही. ५० किलोच्या माणसाला जी कडक वाटते तीच ८५ किलोच्या माणसाला मऊ लागते. कुशीवर झोपणाऱ्याला जरा मऊ चालते, पालथं झोपणाऱ्याला जरा कडक लागते.

कापसाची गादी वाईट असते का?

वाईट असते ती बसलेली गादी. हा फरक इथे खास सांगायला हवा, कारण हा जिल्हा कापसाचा आहे. सेलू, मानवत, परभणी या बाजारपेठा कापसावर वाढल्या. परभणीतल्या महेबूब बाग इथलं कापूस संशोधन निजामाच्या काळापासूनचं आहे, आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आहे. देशी कापसाच्या 'परभणी तुराब'सारख्या जाती याच विद्यापीठाच्या. आता शेतात बहुतेक बीटी वाण दिसतात आणि गावरान कापूस शोधावा लागतो. गादीवाले मात्र अजून त्याची आठवण काढतात, कारण पारंपरिक गावरान कापसाचा धागा आखूड आणि जाडसर. तो दाबला तरी पुन्हा उसळतो. लांब आणि मऊ धागा कपड्याला उत्तम, गादीत मात्र लवकर चेपतो.

कापसाच्या गादीचा सगळा जीव असतो धाग्यांमधल्या हवेत. रोजच्या वजनाने आणि घामाच्या ओलीने ती हवा निघून जाते, धागे एकमेकांत अडकतात, गोळे होतात. सगळ्यात आधी कमरेखाली खड्डा पडतो, कारण वजन तिथेच. पिंजारी हेच दुरुस्त करायचा. दारात बसून तो पिंजणाची तात छेडायचा, टण् टण् आवाज यायचा, आणि दगडासारखा झालेला कापूस पुन्हा फुलायचा. आता बहुतेक ठिकाणी हे काम मशीनवर होतं, पण काम तेच. दर दोन-तीन वर्षांनी कापूस पिंजून, हवा तर थोडा नवा घालून गादी पुन्हा भरली तर ती नव्यासारखी होते. आणि नव्या फोमच्या गादीपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं.

अडचण इतकीच की आपण हे करायचं सोडून दिलं. दहा वर्षं न पिंजलेल्या गादीला 'जुनं ते वाईट' म्हणून बाहेर काढलं जातं, आणि तिच्या जागी आलेली स्वस्त फोमची गादी तीन वर्षांत खड्ड्यात जाते. ती पिंजताही येत नाही.

नवी गादी भरून घेताना किंवा तयार गादी घेताना एक शिवण उघडून आतला कापूस बघायला मागावा. रंगीत दोरे दिसले तर तो चिंध्यांपासून बनवलेला कापूस आहे. सरकीचे तुकडे आणि धूळ जास्त असेल तर तो नीट साफ केलेला नाही. चिमूटभर कापूस बाहेर नेऊन, उघड्यावर जपून पेटवून पाहता येतो. खरा कापूस कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. भरताना कापूस समोर वजन करून घ्यावा. टाके जवळजवळ घालायला सांगावं, कारण कापूस जागेवर धरून ठेवतात ते टाकेच. वरचं कापड साधं पातळ नको, जाड गादीपाट हवं.

फोम, काथ्या, स्प्रिंग: दुकानात काय काय मिळतं?

साध्या फोमच्या गादीत जाडीपेक्षा 'डेन्सिटी' विचारावी. म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. २८-३० च्या खालचा फोम रोजच्या झोपेला लवकर बसतो. पाहुण्यांच्या खोलीला चालून जाईल. आठ इंची पण हलक्या फोमच्या गादीपेक्षा पाच इंची दाट फोमची गादी जास्त टिकते.

रिबॉन्डेड फोम म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून, दाबून केलेला थर. तो जड आणि कडक असतो. 'ऑर्थो' नावाच्या बऱ्याच गाद्यांत खाली हाच थर असतो. 'ऑर्थोपेडिक' हे डॉक्टरांचं प्रमाणपत्र नव्हे, कंपनीने दिलेलं नाव आहे. काथ्याची गादीही कडक असते, हवा खेळती ठेवते, पण वर फोमचा किंवा कापसाचा थर नसेल तर कुशीवर झोपणाऱ्यांना टोचल्यासारखी वाटते. स्प्रिंगमध्ये 'पॉकेट स्प्रिंग' म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत. शेजारी झोपलेल्याने कूस बदलली तर दुसऱ्याला धक्का कमी बसतो.

मेमरी फोम १९६० च्या दशकात नासाच्या कामातून आला, विमानाच्या सीटसाठी. तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि थंडीत घट्ट. आता परभणीचं हवामान आठवा. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात, तर जानेवारीत तोच पारा एक आकडी होतो. जी गादी डिसेंबरात दुकानात घट्ट वाटली, ती मे महिन्यात रुतू शकते, शिवाय अंगाची उष्णता धरून ठेवते. कूलर नसलेल्या खोलीत ही गोष्ट पाठदुखीइतकीच झोप घालवते. पूर्ण मेमरी फोम घेण्याऐवजी वर पातळ थर आणि खाली दाट फोम असलेली गादी इथे बरी.

आधी खालचा पलंग बघा

पुष्कळदा दोष गादीचा नसतोच. दोरीची बाज सैल पडली असेल तर तिच्यावर कितीही महागडी गादी टाका, झोळी ती झोळीच. पायथ्याची दोरी ओढून बाज ताठ करायला अर्धा तास लागतो. लोखंडी पलंगाच्या पट्ट्या ढिल्या असतील तर वर प्लायवुड टाकावं. एक साधी परीक्षा आहे: गादी जमिनीवर टाकून चार रात्री झोपून बघायचं. पाठ कमी दुखली तर पलंग दुरुस्त करा. तरीही दुखत असेल तर गादीकडे वळा.

जमिनीवर झोपायची सवय असेल आणि त्रास होत नसेल तर ते सोडायची गरज नाही. फक्त अंगाखाली एखादी सतरंजी पुरेशी नाही, जाडसर वाकळ किंवा पातळ गादी हवी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मात्र जमिनीवरून उठणं हीच मोठी शिक्षा असते. अशा वृद्धांना बसल्यावर पाय टेकतील इतक्या उंचीचा पलंग लागतो.

खर्च न करता करण्यासारखं अजून एक. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, उताणं झोपताना गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी. कमरेवरचा ताण लगेच कमी होतो.

घेताना

दुकानात हाताने दाबून गादी कळत नाही. चपला काढून, रोज झोपता तसं दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. लाज वाटायचं कारण नाही. उताणं झोपून कमरेखाली हात घाला. हात सहज आरपार गेला तर गादी कडक आहे, शिरतच नसेल तर फार मऊ, आणि थोडा अडून गेला तर ठीक. नवरा-बायको दोघांसाठी असेल तर दोघांनीही झोपून बघावं.

सुताराकडून करून घेतलेल्या दिवाणाचं माप आतून, इंचात घ्या. '६ बाय ४' म्हणून मागवलेली ७२ बाय ४८ इंचाची गादी अर्ध्या इंचाने अडकते आणि कड वर उचललेली राहते. ऑनलाइन घेताना 'शंभर रात्री वापरून परत करा' असं लिहिलेलं असेल तर आपल्या पिनकोडवरून ती परत न्यायला येतात का, हे आधी विचारा. वॉरंटीत किती इंच खड्डा पडला तर बदलून देणार हे लिहिलेलं असतं. डाग पडलेली गादी बऱ्याच कंपन्या घेत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून खोळ घाला. पक्कं बिल घ्या. तक्रार ऐकलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

कापसाच्या गादीला महिन्यातून एकदा ऊन दाखवा आणि डोक्याची बाजू पायाकडे करा. फोमला कडक ऊन नको, तो पिवळा पडून भुगा होतो. त्याला सावलीतली हवा पुरे.

गादी बदलून उपयोग नाही, असं कधी समजायचं?

उठल्यावर पाठ दुखते, पण हालचाल सुरू झाली की पाऊण तासात मोकळी होते, आणि पाहुण्यांकडे झोपल्यावर दुखत नाही. असं असेल तर संशय गादीवर. दुखणं दिवसभराच्या ओणव्या कामानंतर वाढत असेल तर गादी थोडाच भार हलका करेल. अधूनमधून सरळ उभं राहणं आणि वेचलेल्या कापसाचं ओझं वाढण्याआधीच रिकामं करणं जास्त उपयोगी पडेल.

तरुण वयात रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली राहते, आराम केल्याने वाढते आणि हालचालीने कमी होते, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. पाठदुखीसोबत बारीक ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासावा लागतो, त्याची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. आणि पायातली ताकद कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, मांड्यांमधला भाग बधिर झाला असेल, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठायचं.