वसईची मोहीम आणि घराची वाट

दसऱ्यास सीमोल्लंघन करावे व पावसाळ्यापूर्वी घरी परतून शेती पाहावी, हा मराठी फौजेतील पुष्कळ जणांचा परिपाठ होता. वसईच्या मोहिमेस मात्र १७३७ पासून दोन वर्षे लागली. तटास सुरुंग लावून चिमाजीअप्पांच्या सैन्याने मे १७३९ मध्ये किल्ला घेतला. शरण आलेल्या पोर्तुगिजांस त्यांनी निशाणे फडकावीत, नगारे वाजवीत जाऊ दिले, ही गोष्ट आपल्या गोमंतकात अधिक सांगितली जावयास हवी. मृग जवळ आला होता. श्रमलेले लोक घराकडे वळले. तेथील चर्चच्या घंटांपैकी एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवालयात, दुसरी मेणवलीस विसावली. प्रकृतीने क्षीण झालेल्या अप्पांस मात्र विसावा अल्पच लाभला. एप्रिल १७४० मध्ये बंधू बाजीराव वारले. त्याच डिसेंबरात अप्पाही निवर्तले.