धरणगावची शिकारनोंद

इ. स. 1818 मध्ये पेशवाईचा अस्त होऊन खानदेश इंग्रजी अमलाखाली आला, तेव्हा तेथील पुष्कळ गावे ओसाड पडून रान माजले होते. 1825 मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. वाघाच्या शिकारीतील धाडसामुळे त्याला भिल्लांचा विश्वास संपादन करता आला. 1825 ते 1834 या काळात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांत 191 वाघ, 25 अस्वले व 15 बिबटे यांची नोंद आढळते.

ही नोंद पराक्रमाची म्हणून ठेवली गेली. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ती निराळ्या अर्थाने मोलाची आहे. खानदेशात एकेकाळी वाघ किती विपुल होते, याचा ती पुरावा होय. वाघ कोठे पाणी पितो, कोठे दडतो, हे जाणून त्याचा माग काढणारे भिल्ल या आकड्यांत दिसत नाहीत. श्रेय बंदूकधाऱ्याच्या पदरी पडले. पुढे लागवड वाढली, रान सातपुड्याकडे हटले. 1969 मध्ये यावल अभयारण्य घोषित झाले. संरक्षणाचा विचार शासनाला सुचला तो धरणगावच्या मैदानातून वाघ नाहीसा झाल्यानंतर, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.