दर्शनी दार आणि घराचा सौदा

घराची पारख दारावरून होते, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ती पारख नेमकी कोण करतो, ह्याचा विचार सहसा करीत नाही. पाहुणा दाराकडे पाहतो तो आपले स्वागत कसे होईल हे ताडण्यासाठी, सोयरीक घेऊन आलेला पाहतो तो घराण्याची ऐपत जोखण्यासाठी, आणि घर विकत घेण्यास आलेले गिऱ्हाईक पाहते ते आतल्या दोषांचा काही सुगावा लागतो का ह्यासाठी. पहिल्या दोघांकरिता दार सजविण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तिसऱ्याकरिता ते सजविण्याची रीत मात्र त्या मानाने अगदी अलीकडची. ती कशी आली आणि तिच्यापायी काय मिळाले व काय गेले, हे रायपूरसारख्या शहराच्या निमित्ताने पाहावे, असे आम्ही योजिले आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य बदलीच्या नोकरीत गेलेले किंवा जात असलेले. केव्हा ना केव्हा घर घेण्याचा किंवा वडिलार्जित घर विकण्याचा प्रसंग त्यांच्यावर येतोच. तेव्हा हा विषय केवळ पुराणवस्तूंच्या शोधकांचा नव्हे.

घरविक्रीचे जुने तपशीलवार नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात सापडतात. घर विकावयाचे झाल्यास पहिला हक्क नातलगांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकाराचा, आणि हे तिघेही नको म्हणतील तेव्हा बाहेरच्याचा. विक्रीची घोषणा करावयाची ती आसपासच्या चाळीस कुटुंबांतील लोकांसमक्ष, आणि तीही त्या घराच्या समोर उभे राहून. ह्या किमतीला कोण घेतो, असे तीन वेळा पुकारावे आणि कोणी हरकत घेतली नाही तर घेणाऱ्यास घर मिळावे. चढाओढीने किंमत वाढलीच, तर वाढलेली रक्कम विकणाऱ्याच्या पदरात न पडता जकातीसह राजाच्या कोषात जावी, असेही तेथे सांगितले आहे. ह्या व्यवस्थेत दार रंगवून भाव चढविण्याला कसलाच अर्थ उरत नव्हता. घेणारे बहुधा शेजारीच. भिंत कोठे ओल धरते, कोणत्या खोलीत वाळवी लागली आहे, हे घरमालकापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असावयाचे. सौदा दारासमोर होत होता, पण दाराला पाहून होत नव्हता.

दाराच्या शोभेला आपले पूर्वज उदासीन होते, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेतील वास्तुविद्येच्या अध्यायात दाराचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. घरातील इतर कोणत्याही दाराने मुख्य दारावर शोभेत मात करू नये, मुख्य दार कलश, फळे, पाने आणि शिवगण अशा मंगल आकृतींनी भूषित असावे, असे तो सांगतो. दारासमोर रस्ता, झाड, कोपरा, खांब किंवा विहीर येणे हा तो वेध मानतो. पण घराच्या उंचीच्या दुप्पट अंतर मध्ये सोडलेले असल्यास दोष नाही, अशी सवलतही देतो. आपोआप उघडणारे आणि आपोआप मिटणारे दार अनिष्ट, हा त्याचा आणखी एक निर्णय. ह्यातील फलश्रुतीचा भाग बाजूला ठेवला, तरी कोणताही जुना सुतार सांगेल की दार आपोआप फिरू लागले म्हणजे चौकट ओळंब्यातून ढळली आहे आणि पायाने कोठे तरी जागा सोडली आहे. ही सारी चिकित्सा राहणाऱ्याच्या हितासाठी होती. घेणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार तीत नव्हता.

मराठेशाहीच्या वाड्यांत दाराला आणखी एक काम मिळाले, ते संरक्षणाचे. 1730 ते 1732 ह्या काळात उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील लोखंडी अणकुचीदार खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून आहेत, हे पुण्यास जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले असेल. साध्या गृहस्थाच्या वाड्यालाही हेच तत्त्व आपल्या परीने लागू होते. रस्त्याकडील भिंत जाड आणि जवळजवळ आंधळी, मोठ्या दरवाजात वाकून जावे लागेल अशी लहान दिंडी, आत भक्कम अडसर. शोभा म्हणावी तर माथ्यावर गणेशपट्टी, दोन्ही बाजूंस दिव्यासाठी देवळ्या, बाहेर येणाऱ्याजाणाऱ्याला टेकण्यासाठी ओटे, आणि उंबरठ्याबाहेर रोजची रांगोळी. वैभव असे ते सारे आतल्या चौकात. दार घराचे रक्षण करी आणि मालकाची मर्यादा सांगे. त्याची जाहिरात करीत नसे.

हे दार छत्तीसगढात कसे आले, त्याचा इतिहास म्हणजे मराठी अंमलदारांच्या स्थलांतराचाच इतिहास होय. 1741 साली भास्करराम कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांच्या फौजा घेऊन रतनपुरावर आला आणि हैहयांचे राज्य भोसल्यांच्या अधीन झाले. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून प्रत्यक्ष कारभार पाहू लागला. तेथील रामटेकडीचे मंदिर हे त्याच्या वास्तव्याचे स्मारक आजही उभे आहे. 1787 मध्ये त्याच्या निधनानंतर नागपुराहून सुभेदार येऊ लागले. त्यांतील विठ्ठल दिनकर ह्याने जुन्या गढांच्या जागी परगण्यांची व्यवस्था लावली आणि कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे अशा अधिकाऱ्यांची साखळी गावोगाव पोहोचली. 1818 नंतर राज्य बाल राजाच्या नावाने इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना अॅग्न्यू ह्या अधिकाऱ्याने छत्तीसगढचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. 1830 साली कारभार पुन्हा भोसल्यांकडे आला आणि 1854 साली राज्यच खालसा झाले. ठाणे हलले की कचेरी हलते आणि कचेरी हलली की कारकुनाचा संसारही हलतो, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. रायपुरातील तात्यापारा हे नावच त्या संसारांची साक्ष देते. ‘पारा’ हा छत्तीसगढचा, ‘तात्या’ आपला.

येथे ह्या मंडळींना दाराची एक निराळीच संस्कृती भेटली. छत्तीसगढी घराला छुहीची, म्हणजे पांढऱ्या मातीची, पोतेरणी होते. श्रावणात बाहेरच्या भिंतीवर शेणाने सवनाहीच्या आकृती रेखाटतात, त्या रोगराई व अरिष्ट दारातूनच परत जावे म्हणून. आषाढी अमावास्येच्या हरेलीला राऊत दाराला कडुनिंबाची डहाळी खोचतो आणि लोहार चौकटीत खिळा ठोकतो. घरधनीण दोघांना शिधा घालते. दार सुरक्षित राखणे हे एकट्या मालकाचे काम नसून साऱ्या गावाचे आहे, हा ह्या रीतीचा गाभा. आपल्याकडील आषाढी अमावास्येला आपण घरातील दिवे उजळून त्यांची पूजा करतो. त्याच तिथीला शेजारी उंबरठ्याची काळजी घेतात, हे पाहून कोणाही मराठी माणसास आपण फार परक्या मुलखात नाही असेच वाटावे.

दाराची दिशा खऱ्या अर्थाने फिरली ती इंग्रजी अमलात. 1861 साली मध्य प्रांत स्थापन झाला, 1867 साली रायपुरास नगरपालिका आली, 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हे गाव लवकरच नागपूर-कलकत्ता मार्गावर आणून ठेवले. सिव्हिल लाइन्समधील बंगल्याने नवा नमुना पुढे केला. वाड्याचे वैभव आत होते, बंगल्याचे बाहेर. फाटक, दोहों बाजूंस कुंड्या, पोर्च, व्हरांडा, आणि दाराशेजारी साहेबाच्या नावाची पाटी. ह्या पाटीचे महत्त्व फार आहे. जेथे सारे परस्परांना ओळखतात तेथे नाव लिहावे लागत नाही. पाटी असते ती अनोळखी माणसासाठी. आणि अनोळखी माणूस दाराशी आला, त्याच दिवशी घर विकत घेणाराही अनोळखी झाला. रेल्वेने आलेला व्यापारी, बदलून आलेला मुन्सफ, शाळामास्तर, ह्यांना घराची पूर्वपीठिका सांगणारे चाळीस शेजारी कोठून मिळणार? त्यांच्यापुढे असे फक्त दार. तेव्हापासून दाराला बोलावे लागले.

1956 च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले, राजधानी भोपाळला गेली. तोपर्यंत रायपूरकर मराठी माणसाला नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती. आता ते परराज्य झाले. मुलांची शिक्षणे व नोकऱ्या महाराष्ट्राकडे वळू लागल्या आणि जुनी घरे वडीलधाऱ्यांच्या स्वाधीन राहिली. पुढे 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ राज्य झाले, रायपूर राजधानी झाले आणि शहराच्या मध्यभागातील जमिनीला सोन्याचे मोल आले. पुण्या-नागपुरात स्थायिक झालेले भाऊ आणि रायपुरात राहिलेला एक भाऊ ह्यांच्या पत्रव्यवहारात घर विकण्याचा विषय निघतो तो येथून.

आणि मग दलाल सल्ला देतो की घराचा ‘पुढचा भाग’ जरा नीट करा. ह्या सल्ल्यातील खरे काय आणि खोटे काय, ते पाहू. जुन्या वस्तीत रस्ता दर डांबरीकरणाला थोडा थोडा वर आला आणि उंबरठा तेथेच राहिला. पावसाचे पाणी ओसरीवर येते. पायरी बांधून, गटाराला उतार देऊन हा दोष काढणे ही खरी दुरुस्ती होय. सागवानी दारावर वर्षानुवर्षे चढलेले तेलरंगाचे थर खरवडून, लाकडाला तेल देऊन त्याची नस मोकळी करणे, सैल झालेली बिजागरी व कोयंडा बसविणे, चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच हात देणे, दारावर एक चांगला दिवा लावणे, ओट्यावरील अडगळ काढणे, ह्या गोष्टींना खर्च थोडा आणि त्यांत लबाडी काहीच नाही. घेणाऱ्याला घर जसे आहे तसे दिसावे, एवढेच त्या करतात. परंतु ओल धरलेल्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून वर झगझगीत रंग देणे ही दुरुस्ती नव्हे. सिमेंट आतली ओल बाहेर पडू देत नाही. दोनचार पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो आणि तोवर विकणारा दूरच्या गावी सुखाने नांदत असतो. वाळवीने पोखरलेल्या चौकटीवर पातळ फळी ठोकून पॉलिश करणे हेही त्याच जातीचे.

कायद्यानेही येथे रेषा आखली आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 55 व्या कलमान्वये, विकणाऱ्यास ठाऊक असलेला पण घेणाऱ्यास सामान्य दक्षतेने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि तो दडविणे ही फसवणूक मानली जाते. कौटिल्याच्या चाळीस कुटुंबांचे काम ह्या एका कलमाने आपल्या शिरावर घेतले, असे म्हणता येईल. फरक इतकाच की शेजाऱ्यांचे डोळे दारासमोर हजर असत. कलम कोर्टात जाईपर्यंत निजलेले असते. म्हणून उरते ती विकणाऱ्याची नियत.

ह्या सर्वांत एक सल आहे, तो बोलून दाखविल्यावाचून आमच्याने राहवत नाही. ज्या दाराकडे वीस वर्षे कोणी पाहिले नाही, ते विकण्याच्या निमित्ताने खरवडले जाते, आणि मग गणेशपट्टीवरील वेलबुट्टी प्रथमच घरच्या नातवंडांच्या दृष्टीस पडते. आजीने जेथे रोज हळदकुंकू वाहिले तो उंबरठा परक्यासाठी धुऊन पुसून लख्ख होतो. इतकेही करून घेणाऱ्याला बहुधा घर नको असते, जागा हवी असते. तो ते पाडतो. अशा घरांच्या चौकटी, खांब, तुळया मग जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जातात. तमिळनाडूत चेट्टिनाडच्या कारैकुडी गावी तर जुन्या हवेल्यांची दारे-खांब विकणारी दुकाने प्रसिद्धच आहेत. उपाहारगृहाच्या भिंतीला टेकवलेले असे दार पाहून लोक वाहवा करतात. मात्र ते दार आता कोठेच उघडत नाही.

घरे विकू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांचे पूर्वजच कचेरीपाठोपाठ रतनपुराहून रायपुरास आले, त्यांनी एका जागेला चिकटून राहण्याचा आग्रह धरणे शोभणारही नाही. कर्तव्य संपले की ठाणे सोडावे, हा आपल्या वर्गाचा धर्मच आहे. पण अधिकारी ठाणे सोडताना दप्तर नीट लावून, किल्ल्या व यादी पुढच्याच्या हाती देतो. घराचेही तसेच करावे. दार दुरुस्त करावे, पण आतली ओलही सांगावी; वास्तू पाडली जाणार हे ठाऊक असेल तर गणेशपट्टी उतरवून घेण्याची अट खरेदीखतात घालावी; निदान सौदा होण्यापूर्वी दोन्ही पिढ्यांनी एकदा त्या ओट्यावर बसून घर कोणी, केव्हा बांधले ते लिहून काढावे. आणि ज्यांना अजून विकावयाचे नाही त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, गिऱ्हाईकासाठी जी डागडुजी कराल, ती आजच, स्वतःसाठी करा. दार दोघांनाही सारखेच दिसते. फक्त आपण त्याकडे पाहावयाचे विसरलेलो असतो.