भाषा आणि बोली

'भाषा' आणि 'बोली' हे शब्द आपण जोडीने उच्चारतो. पण मनात एकीला पाटावर बसवतो व दुसरीला जमिनीवर. व्युत्पत्तीला हा भेद ठाऊक नाही. संस्कृत 'भाष्' धातूचा अर्थच बोलणे असा आहे. पाणिनीने वेदांच्या 'छंदस्'हून निराळ्या, आपल्या काळी प्रत्यक्ष बोलल्या जाणाऱ्या संस्कृतला 'भाषा' म्हटले. म्हणजे मुळात भाषा हीदेखील बोलीच. पुढे ग्रंथ, व्याकरण आणि राजसत्ता यांचा आधार जिला लाभला ती भाषा ठरली. उरलेल्या बोली राहिल्या.

गोव्याच्या साष्टी प्रांतात सेवा करणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने हा भेद फार समंजसपणे हाताळला. १६१६ साली रायतूर येथे छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत आहे, कारण पुराणरचनेची परंपरा मराठीत होती. परंतु शुद्ध मराठी सामान्यांना कळणार नाही म्हणून आपण स्थानिक भाषेतील सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले, असे ते प्रस्तावनेत सांगतात. धर्मशिक्षणाचे पुस्तक मात्र त्यांनी थेट कोंकणीत लिहिले. ते १६२२ मध्ये, आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. फर्मान निघाले, पण घराघरांतील कोंकणी उरली. दीर्घकाळ अनेकांनी तिला मराठीची बोली म्हटले. तरी १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. कालची बोली आज भाषा झाली. बोलणारी माणसे तीच होती.

वसईच्या आपल्या घरांतही हा प्रश्न उंबरठ्यावर उभा आहे. मिस्सा मराठीत होते, शाळा बहुधा इंग्रजीत. आणि कादोडी किंवा वाडवळी आजीपुरती उरू पाहते. पाहुण्यांसमोर मूल बोलीत बोलले, की आपणच त्याला 'नीट बोल' असे दटावतो. त्या क्षणी आपण मुलाला आजीची लाज बाळगायला शिकवतो, हे ध्यानी येत नाही. मराठीवर प्रेम करण्यासाठी बोलीचा त्याग आवश्यक नाही. स्टीफन्स यांनी पुराणासाठी मराठी निवडली, तरी घरातल्या शब्दांना तीत आदराने जागा दिली. परदेशातून आलेल्या त्या धर्मगुरूला जे उमगले, ते आपल्याला कठीण वाटू नये.